जुनी कॅम्पर घेताय? इंजिन कशानं थंड होतं ते आधी पाहा

जर्मनीत जुनी फोक्सवॅगन कॅम्पर (आत झोपायची सोय असलेली व्हॅन) शोधणारे आमचे मराठी ग्राहक पहिलाच प्रश्न विचारतात: एअर-कूल्ड (हवेवर थंड होणारी) घ्यावी की वॉटर-कूल्ड (पाण्यावर थंड होणारी)?

या कॅम्परच्या पिढ्यांपैकी टी-२ (१९६७ ते १९७९) या गाड्या एअर-कूल्ड. १९७९ला आलेल्या टी-३ची पेट्रोल इंजिनंही आधी तशीच होती. १९८२च्या अखेरीस तिला पाण्यावर थंड होणारं १.९ लिटरचं बॉक्सर (आडव्या, समोरासमोरच्या सिलिंडरांचं) इंजिन मिळालं. पेट्रोलवरच्या टी-३ला पुढे हेडलाइटच्या खाली दुसरी जाळी दिसली, तर तिच्यामागे रेडिएटर आहे असं समजा.

चेतक स्कूटर उघडलेली पाहिली असेल, तर एअर-कूल्डचं तंत्र तुम्हाला ठाऊकच आहे: पंखा आणि हवेला वाट दाखवणारं पत्र्याचं आवरण. टी-२मध्ये हे पत्रे आणि इंजिनाभोवतीचं रबरी सील शाबूत असणं सर्वांत महत्त्वाचं. सील फाटलं की खालची गरम हवा पंखा पुन्हा आत ओढतो आणि इंजिन तापत जातं. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नसतो, त्यामुळे कळतही नाही. म्हणून ऑइलच्या तापमानाचा मीटर आम्ही आग्रहानं बसवायला सांगतो. १६०० सीसी इंजिनात ऑइल जेमतेम अडीच लिटर, तेही इंजिन थंड ठेवायला राबतं; ते वेळेवर बदला. केबिनचा हीटर एग्झॉस्टभोवतीच्या डब्यांतून गरम हवा घेतो. डबे गंजले असतील तर धूर आत येऊ शकतो. मुलं मागे झोपणार असतील, तर ही तपासणी टाळू नका.

वॉटर-कूल्डमध्ये हीटर चांगला आणि घाटात जोरही जास्त. पण इंजिन मागे, रेडिएटर पुढे, मध्ये लांबच लांब पाइप. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बदलताना पाइपांत हवा अडकली, तर इंजिन तापतं. जुनं कूलंट किंवा नुसतं नळाचं पाणी राहिलं, की सिलिंडर हेडचं अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि रबरी गॅस्केटपाशी गळती सुरू होते. हे काम खर्चिक आहे. हेडच्या कडेला ओघळाचे पांढरट डाग दिसले, तर आम्हाला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

हिवाळ्यातही कुटुंबासह फिरणार असाल, तर आमचं मत वॉटर-कूल्डला. फक्त उन्हाळ्यात, निवांत वेगानं जाणार असाल आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करायला स्वतः शिकायची तयारी असेल, तर टी-२ खुशाल घ्या.

गाडी बघायला जाण्याआधी मालकाला एवढं सांगा, की इंजिन आधीच गरम करून ठेवू नका. थंड इंजिन सुरू होताना आम्हाला ऐकायचं असतं.