सिक्स-जी आणि कूलरचा पत्रा

सिक्स-जी, म्हणजे फाइव्ह-जीनंतरचं मोबाइलचं तंत्र, आलं की चौकाचौकात टॉवर ठोकावे लागतील, असं हल्ली सर्रास वाचायला मिळतं. कारण काय, तर वारंवारता (लहर सेकंदाला किती वेळा कंप पावते तो आकडा) वाढली की रेडिओ लहर हवेत लवकर दमते! २०२७ मध्ये शांघायला कुठली वारंवारता कशासाठी हे ठरवणारी जागतिक रेडिओ परिषद भरेल, तेव्हा सिक्स-जीसाठी सगळ्यांचा डोळा ७.१२५ ते ८.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर असेल. तिथे कोरडी हवा एका किलोमीटरमागे डेसिबलचा (सिग्नल किती घटला ते मोजायचं माप) जेमतेम शंभरावा भाग खाते. म्हणजे काहीच नाही.

हा पट्टा रिकामा मात्र नाही. ८.०२५ गिगाहर्ट्झच्या वर आपले दूरसंवेदन उपग्रह हैदराबादजवळच्या शादनगरला चित्रं पाठवतात. खालच्या भागात लष्करी उपग्रह आणि मायक्रोवेव्ह दुवे आहेत. तरीही हाच हवा, कारण सलग २०० ते ४०० मेगाहर्ट्झ रुंदी खालच्या पट्ट्यांत शोधूनही सापडायची नाही.

मग लहर दमते असं वाटतं कशामुळे? अँटेनाच्या आकारामुळे. अँटेनाचा एक घटक साधारण अर्ध्या तरंगलांबीचा असतो. फाइव्ह-जीच्या ३.५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटर, ७ गिगाहर्ट्झला सव्वाचार. लांबी-रुंदी निम्मी, म्हणून क्षेत्रफळ चौथाई. पावसात घमेल्याऐवजी वाटी ठेवली तर पाणी कमी साठतं. त्यावरून पाऊस कमी झाला असं कुणी म्हणत नाही.

तेव्हा वाट्या वाढवायच्या. टॉवरवरच्या नेहमीच्या फाइव्ह-जी पॅनेलमध्ये ८ उभे स्तंभ, १२ आडव्या ओळी आणि प्रत्येक जागी फुलीसारखे दोन घटक, असे १९२ घटक असतात. तेवढ्याच पेटीत ७ गिगाहर्ट्झचे ७६८ बसतात आणि गेलेले ६ डेसिबल, म्हणजे तो चौपटीचा फरक, परत मिळतात. शलाका, म्हणजे पॅनेलमधून एका दिशेला निघणारा सिग्नलचा झोत, वळवायला काहीही हलत नाही. तिला उजवीकडे ३० अंश न्यायची असेल, तर डावीकडून सुरुवात करून प्रत्येक स्तंभाला आधीच्यापेक्षा पाव आवर्तन उशिरा सिग्नल द्यायचा. ७ गिगाहर्ट्झला पाव आवर्तन म्हणजे सुमारे ३६ पिकोसेकंद, अब्जांश सेकंदाचा अठ्ठाविसावा हिस्सा. एवढ्या उशिरानं निघालेल्या लहरी त्या एकाच दिशेला एका पावलात चालतात, बाकी दिशांना एकमेकींना खोडतात. शलाका आता निम्मी अरुंद असते, त्यामुळे चालत्या माणसाचा मागही जास्त वेळा काढावा लागतो.

अडचण उष्णतेची आहे. १९२ घटकांमागे ६४ प्रवर्धक (सिग्नलला जोर देणारे अँप्लिफायर), म्हणजे एकामागे तीन घटक. हाच हिशेब ठेवला तर ७६८ ला २५६ लागतील. नागपुरातल्या इतवारीत, गच्चीवर मे महिन्यात, दुपारी तीनला! पेटी तापली की ती स्वतःच शक्ती उतरवते. म्हणून एका प्रवर्धकामागे जास्त घटक जोडतात आणि शलाका वर-खाली वळवण्याची मोकळीक थोडी सोडून देतात.

   

भिंत आणि खिडकी मात्र पॅनेलच्या हिशेबात बसत नाहीत. नागपुरात एप्रिलपासून खिडक्या पत्र्याच्या कूलरनं बुजतात. पत्रा लहर परतवतो. फटींतून जी आत शिरते ती भिजलेल्या खसेत सापडते: पाण्याच्या एक मिलिमीटर थरात ७ गिगाहर्ट्झची सुमारे तिसरा हिस्सा शक्ती जाते, तर ७०० मेगाहर्ट्झची अगदी नगण्य. टॉवर जोर वाढवून हे निभावून नेईल. मोबाइलकडे साधारण ०.२ वॉटच असतात, आणि ते १०० ऐवजी ४०० मेगाहर्ट्झवर पसरले तर दर मेगाहर्ट्झला आणखी चौथाई. आधी तुटतं ते मोबाइलकडून टॉवरकडे जाणारं टोक. पलीकडच्याचं आपल्याला नीट ऐकू येतं आणि तो मात्र ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो.

म्हणून घरात असताना मोबाइलनं ऐकायचं ७ गिगाहर्ट्झवर आणि बोलायचं ७०० मेगाहर्ट्झवर, अशी जोडी लावायची. नागपूरच्या महाल भागातल्या बोळांत सिग्नलची मोजणी करायची तर ती मे महिन्यात, घराच्या आत, कूलर चालू ठेवून करावी. जानेवारीतल्या आकड्यांत खिडकी उघडी असते.