घरी शिकण्याचा पर्याय नक्की कोणाचा? दिव्यांग मुलांच्या शिक्षणहक्कामागचा कायदा

मूल शाळेच्या पटावर आहे, पण वर्गात कधीच दिसत नाही, आणि कागदावर कोणाची काही चूकही निघत नाही. हे कसे घडते ते कळायला शिक्षणहक्क कायद्याला २०१२ साली जोडलेल्या एका परंतुकापर्यंत, म्हणजे कलमाला जोडलेल्या पुस्तीपर्यंत, जावे लागते.

त्याआधीचे थोडक्यात. १९७४च्या केंद्रीय योजनेने दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेत आणण्यासाठी पुस्तके, साधने, प्रवासभत्ता असे साहाय्य दिले. भर मुलाने शाळेशी जुळवून घेण्यावर होता, शाळेने बदलण्यावर नव्हता. १९९५च्या दिव्यांग व्यक्ती कायद्याच्या कलम २६ने १८ वर्षांपर्यंत ‘योग्य वातावरणात’ मोफत शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली. योग्य म्हणजे काय, हे मात्र सांगितले नाही. सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्याबाबत तर नुसता ‘प्रयत्न’ अपेक्षित होता. कायद्याच्या यादीत दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, त्यांत स्वमग्नता (ऑटिझम) नव्हती आणि अध्ययन अक्षमताही नव्हती.

२००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हा ‘वंचित गट’ या व्याख्येत दिव्यांग मूल नव्हते. परिणामी खासगी विनाअनुदानित शाळांतल्या राखीव २५ टक्के जागांवर त्याचा दावा चालत नसे. त्याच्यापुरते कायद्याने १९९५च्या कायद्याकडे बोट दाखवून विषय संपवला होता. पालक आणि संघटनांच्या रेट्यानंतर २०१२च्या दुरुस्तीने व्याख्या रुंदावली. स्वमग्नता व बहुदिव्यांगत्व असलेली मुलेही आत आली. ही दुरुस्ती १ ऑगस्ट २०१२ पासून अमलात आहे. हवे होते ते मिळाले, पण सोबत कलम ३ला एक शेपूट, म्हणजेच ते परंतुक, जोडले गेले: बहुदिव्यांगत्व किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी शिक्षण घेण्याचा पर्याय निवडण्याचाही हक्क असेल.

वाक्यातला ‘ही’ महत्त्वाचा. शाळेचा हक्क तसाच राहतो, त्यावर आणखी एक पर्याय मिळतो, आणि निवडणारे मूल किंवा त्याचे पालक. प्रत्यक्षात निवड शाळाच करते. रॅम्प नाही, शौचालयात चाकाची खुर्ची शिरत नाही, मदतनीस नाही. मग ‘तुमच्या मुलाला घरीच बरे’ असे सांगून छापील संमतीपत्रावर सही घेतली जाते. मूल पटावर राहते आणि फिरते विशेष शिक्षक अधूनमधून घरी जातात. अशा भेटींतून सहा तासांच्या शाळेची भरपाई होत नाही, हे वेगळे सिद्ध करायला नको.

व्याख्यांचा घोळ याहून कमी बोलला जातो. परंतुकाने दोन्ही संज्ञा १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातून घेतल्या. तिथे ‘तीव्र’ म्हणजे ८० टक्के किंवा जास्त. ‘बहुदिव्यांगत्व’ म्हणजे मात्र दोन किंवा अधिक दिव्यांगत्वे एकत्र. तिथे टक्केवारीची अट नाही. म्हणजे कमी दिसणारे आणि कमी ऐकू येणारे मूलही घरच्या पर्यायाच्या चौकटीत बसू शकते. हा पर्याय शाळेपर्यंत पोचूच न शकणाऱ्या मुलांसाठी होता असे समर्थन दिले जाते, आणि अशी मुले आहेतही. पण मसुदा त्यांच्यापुरता राहिला नाही, ही त्रुटी मान्य करायला हवी.

२०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ला लागू झाला. प्रकार ७ वरून २१ झाले. कलम ३१ची सुरुवातच ‘शिक्षणहक्क कायद्यात काहीही असले तरी’ अशी आहे: लक्षणीय म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला नजीकच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण. घराचा उल्लेख इथे नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तो पुन्हा आणला, मात्र शाळेत जाऊ न शकणाऱ्या तीव्र व अतितीव्र दिव्यांगत्वाच्या मुलांपुरता, आणि अशा शिक्षणाची तपासणी व्हावी या अपेक्षेसह.

प्रवेशाच्या खिडकीवर नडते ते ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र. ती अट कलम ३१ची. भेदभाव न करता प्रवेश देण्याचे त्याच कायद्याचे कलम १६ टक्केवारी विचारत नाही. शासकीय किंवा शासनमान्य शाळा ‘४० टक्के नाहीत’ म्हणून प्रवेश नाकारत असेल, तर अर्जात कलम १६ लिहावे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांसाठी कलम १७ आहे.

तोंडी नकाराचा पुढे काही उपयोग होत नाही. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. शाळा पोच देत नसेल तर अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवावा. त्यानंतर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे (महापालिका, जिल्हा परिषद अशा संस्थेकडे) लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय ३ महिन्यांत द्यायचा असतो, आणि अपील राज्याच्या बालहक्क आयोगाकडे जाते. भेदभावाची तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते.

संमतीपत्रावर सही झाली असली तरी मार्ग बंद होत नाही. पालक शाळेला लेखी कळवून मुलाला वर्गात बसवण्याची मागणी करू शकतात. त्या पत्रात संमती मागे घेतल्याची तारीख आणि मुलाला लागणाऱ्या सोयी एकेक करून लिहिल्या, तर पुढच्या सुनावणीत शाळेला ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हणता येत नाही. विशेष शिक्षकच नाहीत हे उत्तर हमखास येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले आहे: प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे १, उच्च प्राथमिकला १५ मुलांमागे १.