‘सिटिझन्स युनायटेड’भोवतीच्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेत निवडणुकीतील पैशाविषयी चर्चा निघाली की ‘सिटिझन्स युनायटेड’ हे नाव बहुतेक वेळा कॉर्पोरेशनच्या राजकीय खर्चावरील बंदी उठवणाऱ्या, 2010 मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचे नाव म्हणून घेतले जाते. त्या नावाची परंपरावादी विचारांची एक प्रचारसंस्था वॉशिंग्टनमध्ये आजही काम करते आहे, हे बोलणाऱ्यांच्या गावीही नसते. संस्थेची वादग्रस्त ख्याती त्यामुळे दोन निरनिराळ्या गोष्टींची मिळून बनलेली आहे. एक म्हणजे प्रतिपक्षाविरुद्ध प्रचार करण्याची तिची स्वतःची रीत, आणि दुसरी म्हणजे तिच्या खटल्यातून निघालेला, तिने मुळात मागितले होते त्याहून कितीतरी व्यापक असा निकाल. या दोहोंची सरमिसळ झाल्याने संस्थेवर कधी तिच्या वाट्याचा नसलेला दोषही येतो, आणि जो दोष खरोखर तिचा आहे तो झाकलाही जातो.

संस्थेची स्थापना 1988 ची. त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या राज्यात सुट्टीवर सोडलेल्या आणि पळून जाऊन गंभीर गुन्हे केलेल्या एका कृष्णवर्णीय कैद्याचे छायाचित्र दाखवणारी दूरचित्रवाणी जाहिरात गाजली. वंशभेदाच्या भावनेला हात घालणारी जाहिरात म्हणून ती आजही उदाहरणादाखल सांगितली जाते. ती ‘सिटिझन्स युनायटेड’ची नव्हती, दुसऱ्या एका राजकीय समितीची होती, परंतु त्या समितीच्या प्रचारात प्रमुख भूमिका असलेली व्यक्तीच या नव्या संस्थेची संस्थापक होती, आणि त्या जाहिरातीची सावली संस्थेवर पहिल्या दिवसापासून पडली. पुढे 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयावरील एका परंपरावादी न्यायाधीशाच्या नेमणुकीच्या वेळी संस्थेने आणखी एका गटासोबत, नेमणुकीला विरोध करतील अशा तीन सिनेटरांच्या खासगी वर्तनावर बोट ठेवणारी जाहिरात काढली. ज्यांच्या समर्थनार्थ ती निघाली त्यांच्याच बाजूच्या व्हाइट हाऊसने तिच्याबद्दल नापसंती व्यक्त केली. तेच न्यायाधीश एकोणीस वर्षांनी संस्थेच्या बाजूने निकाल देणाऱ्या बहुमतात होते, ही गोष्ट टीकाकार विसरत नाहीत. 1992 मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार बिल क्लिंटन यांच्या एका महिलेबरोबरच्या दूरध्वनी संभाषणाच्या ध्वनिफिती पैसे घेऊन ऐकवण्याच्या संस्थापकांच्या उपक्रमापासून तर रिपब्लिकन अध्यक्षांच्या प्रचारयंत्रणेनेच स्वतःला जाहीरपणे दूर ठेवले. म्हणजे संस्थेची बदनामी विरोधकांनी रचली, असे म्हणणे पुराव्याला धरून नाही. तिच्या पद्धतींवरचे काही कडक आक्षेप तिच्या स्वतःच्या छावणीतून आलेले आहेत.

नव्वदच्या दशकाचा उरलेला काळ व्हाइटवॉटर प्रकरणात, म्हणजे क्लिंटन दांपत्याच्या एका जमीन-व्यवहाराच्या चौकशीत, गेला. संस्थेने कागदपत्रे जमवून ती पत्रकारांना आणि संसदीय कर्मचाऱ्यांना पुरवली, आणि तिच्यातील एक तरुण संशोधक पुढे प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीत प्रमुख तपासनीस झाला. 1998 मध्ये क्लिंटन यांच्या निकटच्या एका माजी अधिकाऱ्याची तुरुंगातील ध्वनिमुद्रित संभाषणे त्या समितीने प्रसिद्ध केली, तेव्हा हिलरी क्लिंटन यांना अनुकूल असलेली वाक्ये त्यातून गळाली असल्याचे उघड झाले आणि या तपासनिसाला पद सोडावे लागले. दोनच वर्षांनी तो ‘सिटिझन्स युनायटेड’चा अध्यक्ष झाला. सोयीची तेवढीच वाक्ये ठेवून बाकीची कापल्याचा ठपका एखाद्या माणसावर आला आणि पुढे तोच माहितीपट काढणाऱ्या संस्थेचा प्रमुख झाला, तर प्रेक्षकांनी तिच्या माहितीपटांकडे संशयाने पाहावे यात आश्चर्य नाही.

माहितीपटांकडे वळण्यामागेही एक कायदेशीर हिशेब होता. 2002 च्या निवडणूक प्रचार सुधारणा कायद्याने कॉर्पोरेशन (यात व्यापारी कंपन्यांबरोबर अशा नोंदणीकृत ना-नफा संस्थाही येतात) आणि कामगार संघटना यांना आपल्या तिजोरीतील पैशातून, संघीय पदाच्या उमेदवाराचे नाव घेणारा प्रचार प्रायमरीपूर्वी (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीपूर्वी) 30 दिवस आणि मुख्य निवडणुकीपूर्वी 60 दिवस आकाशवाणी, दूरचित्रवाणी, केबल वा उपग्रहामार्फत प्रसारित करण्यास मनाई केली होती. 2004 मध्ये धाकट्या बुश यांच्यावर कडाडून टीका करणारा माहितीपट चित्रपटगृहांत गाजत असताना संस्थेने निवडणूक आयोगाकडे तक्रार केली, की त्या चित्रपटाच्या जाहिराती या कायद्याचा भंग करतात. आयोगाने ती तक्रार फेटाळली. उलट संस्थेने स्वतःच्या प्रत्युत्तरादाखल काढलेल्या चित्रपटाच्या जाहिरातींसाठी परवानगी मागितली, तेव्हा ती व्यावसायिक चित्रपटनिर्माती नाही या कारणाने आयोगाने नकार दिला. एकाच कायद्याचा हा दुटप्पी वापर आहे, असे संस्थेचे म्हणणे होते, आणि त्या म्हणण्यात तथ्यांश नव्हता असे म्हणता येणार नाही.

या नकारानंतर संस्था स्वतःच माहितीपट काढू लागली, आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेल्या हिलरी क्लिंटन यांच्यावर टीका करणारा ‘हिलरी: द मूव्ही’ हा सुमारे 90 मिनिटांचा माहितीपट जानेवारी 2008 मध्ये आला. एका केबल कंपनीने 12 लाख डॉलर घेऊन तो आपल्या मागणीनुसार पाहण्याच्या सेवेत प्रेक्षकांना विनामूल्य उपलब्ध करून देण्याची तयारी दाखवली होती. संस्थेला त्याच्या काही सेकंदांच्या जाहिरातीही दाखवायच्या होत्या. प्रायमरीचे दिवस जवळ आले असल्याने दंडाची भीती होती, म्हणून संस्थेने निवडणूक आयोगाविरुद्ध आधीच दावा दाखल केला. कनिष्ठ न्यायालयाने तिच्या विरोधात निकाल दिला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

येथून पुढे जे घडले त्यावर सर्वाधिक वाद आहे, आणि तो समजून घेण्यासाठी न्यायालयापुढे कोणते अरुंद मार्ग उपलब्ध होते ते पाहावे लागते. प्रेक्षकाने स्वतः बटण दाबून मागवलेला चित्रपट हे या कायद्याला अभिप्रेत असलेले प्रसारण नव्हे, एवढे म्हणून प्रकरण मिटवता आले असते. चित्रपटात कोणाला मत द्या वा देऊ नका असे म्हटलेले नाही, असेही म्हणता आले असते, कारण 2007 च्याच एका निकालाने त्या दिशेने दार किलकिले केले होते. हा मार्ग कमकुवत होता, कारण संपूर्ण चित्रपटाचा रोख एकच होता. तिसरा मार्ग 1986 च्या निकालातून निघत होता: व्यापारी कंपन्यांचे पैसे न घेणाऱ्या वैचारिक संस्थांना तेव्हाच सूट मिळालेली होती, आणि ‘सिटिझन्स युनायटेड’चा निधी मुख्यतः व्यक्तींकडून येत असे, कंपन्यांचा वाटा अल्प होता. ती सूट थोडी रुंदावली असती तरी संस्थेचे काम भागले असते.

मार्च 2009 च्या सुनावणीत एका न्यायमूर्तींनी सरकारी वकिलाला विचारले, की हेच तत्त्व पुस्तकालाही लागू होईल काय. कॉर्पोरेशनने आपल्या तिजोरीतून छापलेले, एखाद्याला मत देण्याचे आवाहन करणारे पुस्तकही कायद्याने रोखता येईल, अशा आशयाचे उत्तर आले, आणि त्या उत्तराने प्रकरणाचा रंगच पालटला. जूनमध्ये निकाल देण्याऐवजी न्यायालयाने दोन्ही बाजूंना फेरसुनावणीला बोलावले आणि स्वतःच प्रश्न घातला: 1990 चा, कॉर्पोरेशनच्या निवडणूक खर्चावर निर्बंध घालण्यास मान्यता देणारा निकालच रद्द करावा काय? सप्टेंबरच्या फेरसुनावणीत सरकारने पुस्तकांवरील भूमिका सौम्य केली, पत्रकांवरील मात्र सोडली नाही. खालच्या न्यायालयात संस्थेने कायद्याच्या त्या कलमाला सरसकट दिलेले आव्हान सोडून दिले होते, ही गोष्ट अल्पमताच्या सुमारे 90 पानी निकालपत्रात ठळकपणे नोंदवलेली आहे. न्यायालयापुढे न आलेला प्रश्न न्यायालयाने ओढून आणला, हा आक्षेप मला तरी रास्त वाटतो. मात्र तो न्यायालयाच्या बहुमतावरचा आक्षेप आहे, संस्थेवरचा नव्हे.

निकाल 21 जानेवारी 2010 रोजी पाच विरुद्ध चार मतांनी लागला. स्वतंत्रपणे, म्हणजे उमेदवाराशी संगनमत न करता, केलेल्या राजकीय खर्चावर वक्ता कॉर्पोरेशन आहे म्हणून बंदी घालणे भाषणस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीत बसत नाही, असे बहुमताने ठरवले. कंपन्यांनी उमेदवाराला थेट देणगी देण्यावर 1907 पासून असलेली बंदी या निकालाने उठवली नाही, आणि खर्च व देणगीदार जाहीर करण्याची सक्ती तर आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरवली. आठवडाभरात अध्यक्ष ओबामा यांनी संसदेपुढील वार्षिक भाषणात, समोर न्यायमूर्ती बसलेले असताना, या निकालावर टीका केली, आणि त्या संध्याकाळपासून संस्थेचे नाव घराघरात पोहोचले. मार्च 2010 मध्ये दुसऱ्याच एका संस्थेच्या खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने, स्वतंत्र खर्च भ्रष्टाचाराला जन्म देत नाही या तर्काचा आधार घेऊन, केवळ असा खर्च करणाऱ्या गटांना मिळणाऱ्या देणग्यांवरील मर्यादा रद्द केली. आज ज्यांना सुपर पॅक म्हणतात ते गट यातून जन्मले. त्यांची पाळेमुळे 2010 च्या निकालात आहेत हे खरे. पण अब्जाधीशाला स्वतःच्या नावाने हवा तेवढा स्वतंत्र खर्च करण्याची मुभा 1976 पासूनच होती, हे या संतापात सहसा सांगितले जात नाही. निकाल उलटवू शकणाऱ्या घटनादुरुस्तीचा प्रस्ताव सप्टेंबर 2014 मध्ये सिनेटमध्ये, पुढे जाण्यासाठी लागणारी 60 मते न मिळाल्याने, 54 विरुद्ध 42 मतांवर अडकला.

निकालानंतरच्या काळात वादाचा भर देणगीदारांच्या नावांकडे सरकला आहे. ज्या निकालाचा संस्था अभिमानाने उल्लेख करते, त्याच निकालाने जाहीर नोंदींची बाजू उचलून धरली होती, आणि तरीही संस्था ठिकठिकाणी नोंदींविरुद्ध न्यायालयात गेली. कोलोरॅडोतील एका माहितीपटाबाबत तिला 2014 मध्ये अपील न्यायालयात दिलासा मिळाला, वृत्तमाध्यमांना असलेली सूट तिलाही लागू झाली. न्यूयॉर्कच्या सरकारी अधिकाऱ्यांना देणगीदारांची यादी द्यावी लागू नये ही तिची मागणी मात्र 2018 मध्ये फेटाळली गेली. मधल्या काळात, 2016 मध्ये, तिचे अध्यक्ष रजा घेऊन ट्रम्प यांच्या प्रचारात उपव्यवस्थापक झाले होते. 2019 मध्ये त्यांच्याशी संबंधित दुसऱ्या एका गटाने ट्रम्प यांच्या नावाचा आधार घेऊन जमवलेल्या मोठ्या रकमेचा फार थोडा भाग प्रत्यक्ष उमेदवारांसाठी खर्च केल्याचा अहवाल एका निवडणूक-निधीविषयक संस्थेने प्रसिद्ध केला, त्यांनी तो खोटा म्हटला, आणि ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने अध्यक्षांच्या नावावर पैसे गोळा करणाऱ्या अनधिकृत गटांपासून सावध राहण्याचे निवेदन काढले.