एव्हरेस्टवर ऑक्सिजन खरंच ७ टक्के असतो का?

‘एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेत ऑक्सिजन फक्त ७ टक्के’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. टक्का तिथेही २१च्या आसपासच, आपल्या अचलपुरात असतो तेवढाच. घटतो तो हवेचा दाब: नेपाळकडच्या बेस कॅम्पवर (५,३६४ मीटर) समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा, माथ्यावर तिसरा हिस्सा. म्हणजे तेवढ्याच श्वासात ऑक्सिजन तिसरा हिस्सा. ७चा आकडा बहुधा इथूनच आला, त्यामुळे गैरसमज अगदी निराधारही नाही. श्वासात ऑक्सिजन असा कमी पडतो, म्हणूनच गिर्यारोहक ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवत नाहीत. घाई केली की डोकेदुखी, उलट्या, पुढे फुप्फुसात पाणी.

पडताळायचंय? परतवाड्यात घेतलेला चिप्सचा बंद पुडा चिखलदऱ्याला (सुमारे १,१०० मीटर) न्या. घाट चढेपर्यंत तो फुगतो: आतली हवा तीच, बाहेरचा दाब कमी. फोनमध्ये दाबाचा सेन्सर असेल, तर साधारण ८० हेक्टोपास्कलचा फरक आकड्यातच दिसेल.