देवळाली ते वेम्बली: ब्रिटिश टीव्हीवरच्या आशियाई विनोदाची पार्श्वभूमी

१२ जानेवारी १९९८ रोजी बीबीसी टू या वाहिनीवर 'गुडनेस ग्रेशस मी' ही मालिका सुरू झाली. अर्ध्या तासाचा भाग, त्यात छोटी छोटी प्रहसनं आणि चार मुख्य कलाकार: संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि नीना वाडिया. चौघांचीही मुळं भारतीय उपखंडातली. नीना वाडियांचा जन्म तर मुंबईतल्या पारशी घरातला. ही मालिका ब्रिटनमध्ये इतकी गाजली की तिच्यातली वाक्यं शाळेच्या पटांगणात पोरांच्या तोंडी बसली. पण ब्रिटिश टीव्हीवर भारतीय किंवा पाकिस्तानी माणसावरून विनोद होणं काही नवीन नव्हतं, तो कित्येक वर्षं होतच होता. नवीन होतं ते हे की आता तो लिहिणारे, बसवणारे आणि निर्माते म्हणून सही करणारे तेच लोक होते. हा बदल घडायला जवळजवळ तीस वर्षं लागली, आणि त्या तीस वर्षांचा माग काढताना अहमदनगर, पुणे, देवळाली अशी आपली गावं वाटेत भेटतात.

सुरुवात अहमदनगरपासून करावी लागते. स्पाइक मिलिगन या अफाट विनोदकाराचा जन्म १९१८ साली तिथल्या लष्करी वस्तीत झाला. वडील ब्रिटिश तोफखान्यात. बालपणाचा एक भाग पुण्यात गेला, पुढे रंगूनमध्ये. १९५१ ते १९६० या काळात बीबीसी रेडिओवर 'द गून शो' चालला, त्याचा मुख्य लेखक हाच. त्यात लालकाका आणि बॅनर्जी अशी एक जोडी अधूनमधून यायची. पारशी आडनाव आणि बंगाली आडनाव एकत्र बांधलेली ही दोन पात्रं मिलिगन आणि ब्रिटिश विनोदी नट पीटर सेलर्स भारतीय उच्चारांची नक्कल करत रंगवायचे. मिलिगनच्या कानात ते उच्चार लहानपणापासूनच बसलेले होते. त्यात द्वेष होता असं मला वाटत नाही. पण ऐकणाऱ्या इंग्लंडला एवढंच कळलं की भारतीय बोलू लागला की हसायचं.

सेलर्सने तोच आवाज पुढे नेला. १९६० साली 'द मिलियनेरेस' या चित्रपटात तो भारतीय डॉक्टर झाला आणि चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी सोफिया लॉरेनबरोबर त्याने 'गुडनेस ग्रेशस मी' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. ते गाणं खूप चाललं. ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या भारतीय मुलांच्या पाठीमागे तो उच्चार आणि ती मान हलवण्याची लकब वर्षानुवर्षं लागली.

साठच्या दशकाच्या शेवटी वातावरण तापलं. केनियातून आशियाई, म्हणजे मुळात भारतीय उपखंडातली, कुटुंबं ब्रिटनमध्ये येऊ लागली होती. एप्रिल १९६८ मध्ये बर्मिंगहॅममध्ये खासदार इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्धचं ते कुप्रसिद्ध भाषण केलं. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून आशियाईंना हाकललं, आणि त्यांतले हजारो लोक ब्रिटनला पोचले. टीव्हीवरचा विनोद याच हवेत वाढत होता. १९६९ च्या अखेरीस आयटीव्हीवर 'करी अँड चिप्स' ही मालिका आली. लेखक जॉनी स्पाइट. कारखान्यात कामाला आलेल्या पाकिस्तानी-आयरिश माणसाच्या भूमिकेत, चेहरा तपकिरी रंगवून, मिलिगन. वंशद्वेष्ट्यांचं हसं व्हावं हा आपला हेतू होता असं लेखकाचं म्हणणं असायचं. पण पडद्यावर शिव्या खाणारा माणूस रंग लावलेला गोरा नट असेल, तर ती शिवी परतवणार कोण? सहा भागांनंतर मालिका गुंडाळली गेली.

मग आली देवळाली. जानेवारी १९७४ मध्ये बीबीसी वनवर 'इट एन्ट हाफ हॉट मम' सुरू झाली आणि १९८१ पर्यंत आठ पर्वं चालली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी देवळालीच्या तोफखाना छावणीत सैनिकांचं मनोरंजन करणारी एक नाटकमंडळी असते, तिची ही गोष्ट. नंतरच्या पर्वांत ती मंडळी ब्रह्मदेशात जाते. लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. पेरी स्वतः तरुणपणी देवळालीत होते आणि तिथल्या अशाच मंडळीत काम करत होते, त्यामुळे छावणीतली धांदल, कंटाळा, घरची ओढ हे सगळं त्यांनी अनुभवातून लिहिलं होतं. चित्रीकरण मात्र सगळं इंग्लंडमध्ये झालं.

या मालिकेकडे जरा जवळून पाहायला हवं, कारण तिच्यात एकाच चौकटीत दोन प्रकारची माणसं दिसतात. साहेबांचा बेअरर रंगी राम हे मुख्य भारतीय पात्र. ते मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केलं. तो स्वतःला 'आम्ही ब्रिटिश' म्हणवून घेतो आणि कॅमेऱ्याकडे बघून जुनी हिंदू म्हण म्हणून काहीतरी ऐकवतो. शेजारीच चहावाला महंमद आणि पंखा ओढणारा रमजान. या भूमिकांत दिनो शफीक आणि बाबर भट्टी हे खरेखुरे दक्षिण आशियाई नट होते, पण त्यांच्या वाट्याला दुय्यम जागा. शेवटची नामावली सरकत असताना चहावाला ब्रिटिश साम्राज्याचं गौरवगीत गाऊ लागतो आणि सार्जंट मेजर त्याच्यावर ओरडून त्याला गप्प करतो.

बेट्स यांच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं की त्यांचा जन्म झाशीचा होता, त्यांना उर्दू उत्तम येत होती आणि युद्धात ते गुरखा सैन्याबरोबर ब्रह्मदेशात लढले होते. हे सगळं खरं आहे. ते भूमिका कुत्सितपणे करत नव्हते हेही पाहणाऱ्याला जाणवतं. तरीही हे समर्थन मला पुरेसं वाटत नाही. सईद जाफरींसारखा नट तेव्हा लंडनमध्येच होता. प्रश्न एका नटाच्या हेतूचा नव्हताच. मुख्य भूमिका गोऱ्याला आणि चहाची किटली भारतीयाला, ही वाटणी ठरवणाऱ्या खोलीत एकही भारतीय बसलेला नव्हता.

दिनो शफीक पुढे लगेच दुसऱ्या मालिकेत दिसले. १९७७ ते १९७९ या काळातली 'माइंड युअर लँग्वेज' आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. लंडनमधला इंग्रजीचा रात्रवर्ग, त्यात शीख रणजीत सिंग, पाकिस्तानी अली, साडीतल्या जमिला आणि जगभरातले इतर विद्यार्थी. इथे निदान नट ज्या त्या वंशाच्या जवळपासचे होते. पण प्रत्येकाला एकच गुण आणि एकच ठरीव वाक्य दिलेलं. मालिका बनवणाऱ्या लंडन वीकेंड टेलिव्हिजन या कंपनीत तेव्हा असलेले मायकेल ग्रेड यांना ही साचेबंद पात्रं आक्षेपार्ह वाटली आणि त्यांनीच मालिका बंद केली. भारतात मात्र तिने घर केलं. १९९३ साली दूरदर्शनवर तिच्यावर बेतलेली 'जबान संभालके' आली, पंकज कपूर हिंदीचे शिक्षक. विजू खोटे आणि शुभा खोटे ही आपली भावंडंही त्यात होती. साचे तिथेही होतेच. पण हसणारा आणि ज्याच्यावर हसू येतं तो एकाच घरातला असला की त्या हसण्यातलं विष बरंच उतरतं, हे या दोन मालिका शेजारी शेजारी ठेवल्या की दिसतं.

ब्रिटनमध्ये खरी फट पडली ती नोव्हेंबर १९८२ मध्ये, चॅनल फोर सुरू झालं तेव्हा. या वाहिनीला कायद्यानेच जबाबदारी दिली होती की इतर वाहिन्या ज्यांच्याकडे बघत नाहीत त्या प्रेक्षकांसाठी कार्यक्रम करायचे. तिथे १९८४ साली बहुसांस्कृतिक कार्यक्रमांचे संपादक म्हणून फारुख धोंडी आले. पुण्यात जन्मलेले, बिशप्स आणि वाडिया कॉलेजात शिकलेले, पुढे केंब्रिजला गेलेले. लंडनमध्ये त्यांनी शाळेत शिकवलं, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या ब्रिटिश ब्लॅक पँथर चळवळीत काम केलं, पुस्तकं लिहिली. मुस्तफा मतुरा यांच्याबरोबर 'नो प्रॉब्लेम!' ही कृष्णवर्णीय कुटुंबाची विनोदी मालिकाही लिहिली. तेरा वर्षं ते त्या खुर्चीवर होते.

धोंडींनी लिहिलेली 'तंदूरी नाइट्स' (१९८५ ते १९८७) आज फारशी कुणाला आठवत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. सईद जाफरी एका भारतीय रेस्टॉरंटचे मालक, रेस्टॉरंटचं नाव 'ज्वेल इन द क्राउन'. त्याचं प्रतिस्पर्धी रेस्टॉरंट 'फार पॅव्हिलियन्स'. झोहरा सेहगलही त्यात होत्या. रेस्टॉरंटांच्या या दोन्ही नावांच्या, इंग्रजी राजवटीच्या आठवणींत रमणाऱ्या मालिका १९८४ च्या जानेवारीत ब्रिटिश टीव्हीवर झळकल्या होत्या. ती नावं उचलून दोन करी हाउसच्या पाट्यांवर लावणं ही पुण्याच्या माणसाला सुचलेली खास खोडी आहे. आणि मुख्य म्हणजे या मालिकेतले भारतीय आपसात भांडतात, डाव टाकतात, खोटं बोलतात, पोरींच्या लग्नाची काळजी करतात. कुणा गोऱ्याची प्रतिक्रिया यावी म्हणून ते तिथे नाहीत. धोंडींच्याच काळात 'डेझमंड्स' आली. पेकहॅममधल्या केशकर्तनालयातल्या कॅरिबियन कुटुंबाची ही मालिका १९८९ ते १९९४ पर्यंत चालली.

बीबीसीवर १९९१ पासून 'द रिअल मकॉय' हा मुख्यतः कृष्णवर्णीय कलाकारांचा प्रहसनांचा कार्यक्रम होता. त्यात पुढे मीरा स्याल आणि कुलविंदर घीर आले. तिथून 'गुडनेस ग्रेशस मी' फार लांब नव्हती.

ती उभी केली अनिल गुप्ता या बीबीसीतल्या निर्मात्याने. मार्केटिंगचं शिक्षण घेतलेले संजीव भास्कर आणि संगीतकार नितीन सॉनी 'द सीक्रेट एशियन्स' या नावाने जोडीने कार्यक्रम करायचे. गुप्तांनी त्यांना हेरलं, इतरांना गोळा केलं. मालिकेचं आधी ठरलेलं नाव होतं 'पीटर सेलर्स इज डेड'. पण सेलर्स त्या सगळ्यांनाच आवडायचा, म्हणून ते सोडून त्याच्या गाण्याचं नाव घेतलं, आणि तेच गाणं भांगड्याच्या ठेक्यावर शीर्षकगीत म्हणून वाजवलं. ज्या गाण्याने शाळेत चिडवलं जायचं ते असं ताब्यात घेणं मला फार देखणं वाटतं. १९९६ मध्ये आधी रेडिओ फोरवर कार्यक्रम झाला आणि तिथे तो चालल्यावर टीव्हीचा रस्ता उघडला. सॉनी मात्र संगीताकडे वळले.

'गोइंग फॉर ॲन इंग्लिश' हे त्यातलं सर्वांत गाजलेलं प्रहसन. ब्रिटनमध्ये शुक्रवारी रात्री पबमधून बाहेर पडलेल्या टोळक्याने करी हाउसात जाऊन धिंगाणा घालायचा, वेटरला वेडंवाकडं बोलायचं आणि सगळ्यांत तिखट पदार्थ मागवून मर्दुमकी दाखवायची, हा नेहमीचा देखावा. प्रहसनात तो तसाच ठेवून फक्त बाजू बदलल्या. मुंबईतलं इंग्लिश रेस्टॉरंट, लस्सी पिऊन तर्र झालेले भारतीय मित्र, समोर बिचारा गोरा वेटर. त्याचं जेम्स हे सरळ नाव ते धड उच्चारत नाहीत. एकीला चिकन करी हवी असते, तर बाकीचे म्हणतात, इंग्लिश खायला आलोय, इंग्लिशच खायचं. आणि मग तो प्रश्न: तुमच्याकडे सगळ्यांत मिळमिळीत काय आहे? कुठेही भाषण नाही, तक्रार नाही. पण ते पाहिल्यावर करी हाउसच्या वेटरशी तसं वागणाऱ्याला आपलं रूप दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

आणि ही मालिका फक्त गोऱ्यांवर हसली नाही, हे तिचं मोठेपण. जगातली प्रत्येक चांगली गोष्ट मूळ भारतीयच असल्याचं ठासून सांगणारा बाप त्यात होता. आपल्या मुलाच्या पगारावरून एकमेकींना हरवणाऱ्या दोन आया होत्या. हॉटेलात काहीही मागवा, हे मी घरी फुकटात केलं असतं, एक वांगं असलं की झालं, असं म्हणणारी आई होती. कपूरचे कूपर आणि रवींद्रनाथचे रॉबिन्सन होऊन आपण पक्के इंग्रज असल्याचं मिरवणारी दोन जोडपी होती. यातला बाप आणि आई तर आपल्या इमारतीतही भेटतात.

त्यानंतर दारं पटापट उघडली. २००१ मध्ये 'द कुमार्स ॲट नंबर ४२' आली. लंडनच्या वेम्बलीतल्या कुमार कुटुंबाने लेकासाठी घरामागच्या बागेत चक्क टीव्ही स्टुडिओ बांधलेला असतो. तिथे खरे नामवंत पाहुणे येतात आणि आई, बाप, आजी त्यांना नको ते प्रश्न विचारतात. आजीची भूमिका करणाऱ्या मीरा स्याल तेव्हा चाळिशीतल्या होत्या. मालिकेला आंतरराष्ट्रीय एमी हा टीव्हीसाठीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी आलेल्या 'द ऑफिस'चे एक कार्यकारी निर्माते होते अनिल गुप्ता. गोऱ्या लेखकांची, इंग्लंडमधल्या कागद विकणाऱ्या कचेरीची ती मालिका. आशियाई निर्मात्याला फक्त आशियाई विषय द्यायचा, हे कुंपणही तिथे मोडलं.

२०१२ मध्ये बीबीसी वनवर आलेल्या 'सिटिझन खान'ने मात्र वाद ओढवून घेतला. बर्मिंगहॅमच्या स्पार्कहिलमधला स्वयंघोषित समाजनेता मिस्टर खान साकारला आदिल रे यांनी, आणि गुप्ता व रिचर्ड पिंटो हे 'गुडनेस ग्रेशस मी'मधले जुने सहकारी लेखनात होते. पहिल्या भागानंतर शेकडो तक्रारी गेल्या. बाप येताच मुलगी घाईघाईने हिजाब चढवते आणि कुराण उघडते, हा प्रसंग अनेकांना खटकला. मुस्लिम समाजावर आधीच संशयाच्या नजरा खिळलेल्या असताना घरातल्याने केलेली थट्टाही बाहेरचे वेगळ्या अर्थाने घेतात, ही भीती खोटी नव्हती. मालिका पाच पर्वं चालली. मला तिचा विनोद बराचसा जुन्या वळणाचा वाटतो, पण तो बीबीसी वनवर रात्रीच्या मुख्य वेळेत मांडायची संधी एका ब्रिटिश पाकिस्तानी लेखकाला मिळाली, हे काही लहान नाही.

त्यानंतरच्या पिढीला समजावून सांगण्याची गरजच वाटत नाही. शिक्षकी सोडून विनोदाकडे आलेल्या गझ खानने २०१७ मध्ये 'मॅन लाइक मोबीन' आणली. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथमधला, गुन्हेगारी मागे टाकून धाकट्या बहिणीला वाढवणारा तरुण हा तिचा नायक. त्याची बोली कुणासाठीही सोपी केलेली नाही. २०२१ मध्ये चॅनल फोरवर निदा मंझूरची 'वी आर लेडी पार्ट्स' आली: लंडनमधल्या मुस्लिम तरुणींचा पंक बँड, आणि त्यातली बरीच गाणी निदा आणि तिच्या भावंडांनी मिळून केलेली. २०२४ च्या दुसऱ्या पर्वात या मुलींना एक जुनी, त्यांच्याही आधी गाऊन गेलेली मुस्लिम पंक गायिका भेटते. सिस्टर स्क्वायर नावाची ती भूमिका केली आहे मीरा स्याल यांनी.