झोपायच्या फळीखाली काय आहे: सामानाचा खण की हवेची पेटी?

संध्याकाळी जाळं टाकायचं, रात्र पाण्यावरच काढायची आणि पहाटे जाळं ओढायचं, असं ज्यांचं काम आहे ते आपल्या छोट्या बोटीत माणूस आडवा होईल एवढी फळी बसवून घेतात आणि वर ताडपत्री ताणतात. पवनीजवळच्या गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरसारख्या मोठ्या पाण्यावर अशी सोय लागतेच. फळी झाली की पुढची मागणी ठरलेली: "खाली रिकामंच त आहे नं भाऊ, एक झाकण करून दे. चादर, टॉर्च, जाळं, डबा सगळं आत राहील."

मागणी रास्त आहे. घरातल्या बॉक्सच्या दिवाणाची आपल्याला इतकी सवय झाली आहे की गादीखालची जागा सामानासाठीच असते, हे मनात पक्कं बसलेलं असतं. पण बोटीत फळीखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक सामानाचा खण. दुसरी हवेची पेटी, म्हणजे बोट पाण्याने भरली तरी तिला बुडू न देणारी बंद पोकळी. वरून दोन्ही सारख्याच दिसतात, फळी ठोकली तर आवाजही सारखाच पोकळ येतो. म्हणून आधी ओळख पटवावी, करवत नंतर हातात घ्यावी.

आपल्याकडच्या जुन्या लाकडी डोंग्यात हवेची पेटी नसायची. लाकूड पाण्यापेक्षा हलकं असतं. डोंगा काठोकाठ भरला, उलटला, तरी धरून राहायला काहीतरी वर राहायचं. फायबरचं तसं नाही. काचेचं कापड आणि रेझिन मिळून झालेला तो थर पाण्यापेक्षा साधारण दीडपट जड असतो, आणि लोखंडी पत्रा तर जवळजवळ आठपट. या बोटी तरंगतात त्या आतल्या रिकाम्या जागेमुळे. ती जागा पाण्याने भरली की तळ गाठतात. म्हणून चांगला कारागीर कुठेतरी थोडी हवा कायमची कोंडून ठेवतो, आणि त्यासाठी सगळ्यात सोयीची जागा असते बसायच्या पाटाखालची किंवा झोपायच्या फळीखालची. समुद्रावरच्या केबिनच्या छोट्या बोटींतही बर्थखाली कुठे सामान असतं, कुठे पाण्याची टाकी, तर कुठे हवा नाहीतर फोम.

ही कोंडलेली हवा किती कामाची, ते हिशोबानेच कळतं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, एक फूट उंच पेटी म्हणजे १२ घनफूट, जवळपास ३४० लिटर. पूर्ण बुडाली तर ती सुमारे ३४० किलोचा भार वर उचलून धरते. २०० किलोची फायबरची बोट पाण्याखाली गेली की तिचा भार उरतो सुमारे ६५-७० किलो, कारण बाकीचा पाणी स्वतःच पेलतं. इंजिन, नांगर, साखळीचा आणखी थोडा धरा. म्हणजे पेटी शाबूत असेल तर बोट पाण्याने भरूनही वर राहते आणि तिला धरून तीन-चार माणसं निवांत तरंगू शकतात. हीच पेटी कापून झाकण बसवलं, तर त्या रात्री धरायला काही उरत नाही. इथेच माझा आग्रह आहे. पाण्यावर रात्र काढणाऱ्या माणसाच्या बोटीत ही पेटी सामानापेक्षा आधी येते.

"झाकण घट्ट बसवतो, रबर लावतो, मग हवाबंदच झालं की," असं मिस्त्रीही म्हणतात. नाही होत. रोज उघडायच्या झाकणाचं रबर उन्हाने कडक होतं, खाचेत वाळूचा एक कण अडकला तरी पाण्याला वाट मिळते, आणि बोट उलटली की आतल्या सामानाचा धक्का झाकणालाच बसतो. शिवाय सामान जितकी जागा खातं तितकी हवा कमी होते.

खण आणि पेटी, या दोघांच्या गरजाच मुळात उलट्या आहेत. हवेच्या पेटीला एकही भोक नको. सामानाच्या खणाला हवा हवीच. खण बंद राहिला तर रात्रीची दमट हवा आत थंड होते, दव सुटतं, चादर कुबट होते, प्लायवूड काळं पडून कुजतं. म्हणून खणाच्या आतल्या बाजूला, वरच्या अंगाला हवेची भोकं ठेवायची आणि तळाशी लाकडी पट्ट्या टाकायच्या, म्हणजे सामान ओल्याला टेकत नाही. खणात आलेलं पाणी बोटीच्या मधल्या नाळीत निघून जायला खालून छोटी वाटही हवी. भोकं बोटीच्या बाहेरच्या भिंतीला मात्र कधीच पाडू नयेत.

ओळखायचं कसं? फळीवर आधीपासून झाकण, बिजागरी किंवा हाताचं बोट घालून उचलायचं भोक असेल तर तो खण. फळी चारी बाजूंनी रेझिनने चिकटवलेली असेल आणि खालच्या कोपऱ्यात स्क्रूचं छोटं बूच असेल तर ती जवळजवळ नक्की हवेची पेटी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ही खूण आणखी सोपी होते. बोट काठावर ओढून ठेवली असेल आणि दुपारचा पारा ४५ अंशांवर असेल, तेव्हा ते बूच हळूच सैल करा. फुस्स करून हवा बाहेर आली तर पेटी आहे, आणि घट्टही आहे. सकाळी २५ अंशांना बंद केलेली हवा ४५ अंशांपर्यंत तापली की तिचा दाब सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. ऐकायला कमी वाटतं, पण १२ चौरस फुटांच्या फळीवर तो शेकडो किलोंचा रेटा होतो. फळी फुगते, सांधे उसवतात. म्हणून बोट उन्हात काठावर असताना बूच काढून ठेवावं आणि पाण्यात लोटण्याआधी न चुकता लावावं.

फळीखाली हवेची पेटी आहे असं कळलं तरी सामानाची सोय होतेच. सगळ्यात बिनधोक उपाय म्हणजे फळीच सहा-आठ इंच वर घेऊन पेटीच्या डोक्यावर उथळ खण करायचा. वजन थोडं वर जातं, म्हणून त्यात कपडे, दोऱ्या, टॉर्च अशा हलक्याच वस्तू ठेवायच्या. दुसरा उपाय पेटी आडव्या भिंतीने दुभागण्याचा: अर्धी हवेची, अर्धी सामानाची. वरच्या हिशोबात १७० लिटर राहिले तरी बोट तरते, पण बोटीच्या दुसऱ्या टोकालाही हवा असली पाहिजे. एकाच टोकाला हवा असेल तर भरलेली बोट उभी होते आणि तिला धरणं अवघड जातं. तिसरा उपाय गरिबाचा, पण चांगला: स्क्रूच्या झाकणाचे प्लास्टिकचे रुंद तोंडाचे डबे. सामान त्यातच भरायचं आणि खणात पट्ट्याने आवळून बांधायचं. डबा अर्धा रिकामा असला तर तोही थोडी हवा धरून ठेवतो. बांधला नाही तर तो तरंगत निघून जातो आणि बोट खाली जाते.

हवेच्या पेटीत थर्माकोल भरायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा, पेट्रोल सांडलं की तो विरघळतो. बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा पीयू (पॉलियुरेथेन) फोम महाग पडतो, पण पेटीला भोक पडलं तरी तोच तारतो.

फळीखाली खरंच खण असेल, तर कापायला हरकत नाही. पण फळी बऱ्याचदा बोटीच्या दोन्ही भिंती ताणून धरत असते, म्हणून ती अख्खी उचलायची करू नये. चारी बाजूंनी दोन-तीन इंचांची कड सोडावी आणि खांदा-कंबर टेकते तिथला आडवा आधार तसाच ठेवावा. कोपरे काटकोनात कापू नयेत, भेग तिथूनच सुरू होते. आधी कोपऱ्यांत होल सॉने गोल भोकं पाडायची आणि मग जिगसॉने ती जोडायची. कापलेला तुकडाच झाकण होतो. खालून सागाच्या पट्ट्या ठोकल्या की झाकण त्यावर टेकतं, आणि इंचभराचं गोल भोक ठेवलं की बोटाने उचलता येतं. नवं प्लायवूड घ्यायचं तर आयएस ७१० चा शिक्का पाहूनच घ्या, ते मरीन ग्रेड, म्हणजे पाण्यात टिकणारं. आयएस ३०३ चं प्लाय स्वस्त मिळतं, पण ते घरातल्या फर्निचरचं. कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन हात द्या, कारण प्लाय कडेनेच पाणी पितं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे.

फळीखाली पेट्रोलचा कॅन आणि छोटा गॅस सिलिंडर कधीच ठेवू नये. दोन्हींची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, आणि वर माणूस झोपलेला असतो. बॅटरी ठेवायचीच तर घट्ट बांधून आणि खणाला वरून भरपूर हवा देऊन, कारण चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते.

दुभागलेल्या किंवा डागडुजी केलेल्या पेटीची तपासणी पाण्यात लोटण्याआधी काठावरच करावी. बुचाच्या जागी रबरी नळी लावून तोंडाने हळू फुंकायचं, कॉम्प्रेसर नको, आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचा फेस ब्रशने लावायचा. जिथे बुडबुडा वाढताना दिसेल तिथे पेन्सिलने गोल करून घ्या. ती जागा पूर्ण सुकवून घासा, फायबरच्या मॅटचा (काचेच्या धाग्यांच्या कापडाचा) तुकडा आणि रेझिन लावा, आणि दुसऱ्या दिवशी परत फुंकून बघा.