हातातला कॅसेट टेपरेकॉर्डर : वापर आणि निगा

सेलवर चालणारे, एका हाताने उचलता येणारे, कॅसेटवर आवाज टिपून तोच लगेच ऐकवणारे यंत्र. बोलण्यात नुसता ‘टेप’. आत रेडिओही असला तर ‘टू-इन-वन’.

कॅसेट आणि हे यंत्र एकदमच जन्माला आले. फिलिप्स कंपनीच्या बेल्जियममधल्या हासेल्ट येथील कारखान्यात लू ऑटेन्स यांच्या हाताखालच्या मंडळींनी दोन्ही घडवले आणि ऑगस्ट १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ईएल ३३०० हा पहिला रेकॉर्डर मांडला. यंत्र केवढे हवे हे ठरवण्यासाठी ऑटेन्स यांनी आधी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा करून घेतला होता. गाणी ऐकण्याचा विचार त्या वेळी दुय्यम होता. बोललेले टिपून ठेवणे हाच मुख्य हेतू. अपोलो मोहिमांतल्या अंतराळवीरांकडे टिपणे बोलून ठेवण्यासाठी सोनीचा टीसी-५० होता, तोही याच जातीचा. नुसते ऐकवणारा वॉकमन १९७९ साली आला, म्हणजे बराच नंतर.

महाराष्ट्रात सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत टेप घरोघर पोचला. आखातात नोकरीला गेलेल्यांनी कोकणात आणि गोव्यात टू-इन-वन आणले. शहरांत दुकानदाराला गाण्यांची यादी देऊन कॅसेट ‘भरून’ घेण्याची चाल पडली. गाणे शिकणारे गुरूंची तालीम टिपून घेऊ लागले, पत्रकार मुलाखती, अभ्यासक ओव्या आणि लावण्या. अशा टिपलेल्या संगीताचे मोल लवकर ओळखणाऱ्यांत गुरुग्रामची आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी ही १९८२ पासूनची संस्था आहे. टेप न्यायालयातही पोचला. ‘आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या मुंबईतल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने टेपवरचे संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य धरले. पुढे १९८५ च्या एका निकालात त्यासाठीच्या अटी नोंदल्या गेल्या : आवाज कुणाचा हे ओळखता यावे, फितीवरच्या आवाजात फेरफार नसावा, फीत मोहोरबंद आणि सुरक्षित ताब्यात असावी, आणि बोलणे इतर आवाजांत बुडून न जाता स्पष्ट ऐकू यावे. यातली शेवटची अट वकिलाच्या हातात नसते. ती असते टेप चालवणाऱ्याच्या हातात.

यंत्र कसे चालते

कॅसेटमधली फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने हेडवरून, म्हणजे आवाज फितीवर लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या भागावरून, सरकते. कॅसेटची दोन चाके फीत ओढतात असे पुष्कळांना वाटते. ती फक्त गुंडाळण्याचे काम करतात. वेग ठरतो तो कॅपस्टन नावाच्या बारीक पोलादी दांडीवर. रबराचा पिंच रोलर फितीला या दांडीवर दाबून धरतो आणि दोघांच्या चिमटीतून फीत एकसारखी पुढे जाते. मोटर आणि कॅपस्टन यांच्यामध्ये रबरी बेल्ट असतो. दांडी, रोलर आणि बेल्ट, या तिघांवर सगळी भिस्त.

रेकॉर्डिंग करताना फीत आधी इरेज हेडवरून जाते, जुने पुसले जाते, आणि मग मुख्य हेड नवे लिहिते. स्वस्त यंत्रांत इरेज हेड म्हणजे चक्क लोहचुंबकाचा तुकडा असतो. पुसतो नीट, पण मागे थोडी सरसर ठेवतो. रेकॉर्डिंग करताना कोरी कॅसेटही याच चुंबकावरून जाते, म्हणून तिच्यावरही ही सरसर येतेच.

कॅसेटवरच्या ‘सी’पुढचा आकडा म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून मिनिटे. सी-६० मध्ये सुमारे ९० मीटर फीत असते, सी-९० मध्ये सुमारे १३५. सी-१२० मध्ये तेवढ्याच डबीत १८० मीटर बसवायची म्हणून फीत फारच पातळ केलेली असते. ती ताणली जाते, रोलरभोवती गुंडाळते आणि ज्याला लोक ‘टेपने कॅसेट खाल्ली’ म्हणतात ते घडते. एका बाजूला तासभर सलग हवे या मोहाने सी-१२० घेण्यापेक्षा मध्ये एकदा बाजू पालटलेली बरी. बोलणे टिपायला साधी लोहाची, म्हणजे टाइप वन कॅसेट पुरते. क्रोम किंवा मेटल कॅसेट जास्त महाग, आणि हातातल्या बहुतेक यंत्रांत त्यांच्यासाठी लागणारी सोयच नसते. मेटल कॅसेटवरचे जुने तर साध्या यंत्राला धड पुसताही येत नाही.

रेकॉर्डिंग

बिघाडांची एक वाटणी मनात पक्की ठेवावी. ऐकवताना जो दोष येतो तो यंत्राचा. यंत्र सुधारले की जातो. रेकॉर्डिंगच्या वेळचा दोष मात्र फितीत उतरतो, आणि तो बहुधा कायमचा. दुरुस्तीवाल्याकडे टेप नेण्याचा उत्साह लोकांना गाणे बिघडल्यावर येतो. खरी तपासणी मुलाखतीला किंवा मैफलीला निघण्याआधी व्हायला हवी.

वेगाचेच पाहा. चार सेलांचे मिळून ६ व्होल्ट होतात. सेल उतरत आले की मोटर मंदावते. ऐकताना मंदावली तर गायकाचा आवाज जड होतो, सेल बदलले की प्रश्न मिटतो. पण रेकॉर्डिंग चालू असताना मंदावली तर त्या क्षणी कुणालाच काही कळत नाही. घरी येऊन नव्या सेलांवर लावले की गाणे पळते आणि पट्टी चढते. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की अर्ध्या सुराचा फरक होतो : काळी एकमध्ये गायलेला ख्याल पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. त्यातही सेल हळूहळू उतरले असतील तर विलंबित जवळपास बरोबर आणि द्रुत चढलेली, असा सरकता घोटाळा होतो. तानपुरा सुरुवातीला आणि शेवटी ऐकून ताडला की हे लगेच उघडे पडते. चार्ज होणारे सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे, म्हणजे चार मिळून ४.८. काही यंत्रे त्यावर तक्रार न करता चालतात, काही लवकर दम टाकतात. आधी घरी तासभर चालवून पाहावे. अॅडॅप्टर लावला तर वीज संपण्याची चिंता जाते, पण ५० हर्ट्‌झची गुणगुण फितीत शिरण्याचा धोका येतो. शिवाय त्याच्या पिनेचा अधिक-उणा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. उलटा लागला तर यंत्र क्षणात जाऊ शकते.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. अशा बहुतेक टेपांत पातळी ठरवणारे बटण नसते. यंत्र स्वतःच ती कमी-जास्त करते. बोलण्याला हे फार सोयीचे. गाण्याला मात्र नडते. तबल्यावर जोरकस थाप पडली की यंत्र पातळी खाली खेचते आणि पाठोपाठ गायकाचा आवाज दबतो. मग शांतता आली की पातळी वर चढते आणि छताच्या पंख्याची घरघर पुढे येऊन बसते. उपाय एकच : माइक गायकाजवळ, तबल्यापासून दूर, आणि शक्य असेल तर पंखा बंद. टेपमधल्या माइकला मोटरीचाही आवाज ऐकू जातो, म्हणून ३.५ मिलिमीटरच्या खाचेत बाहेरचा माइक लावणे केव्हाही चांगले. माइक नसेलच तर यंत्राखाली घडी घातलेला पंचा ठेवावा. हार्मोनियम ज्या टेबलावर त्याच टेबलावर टेप ठेवू नये. भात्याची प्रत्येक धडपड फितीत उतरते.

कॅसेटच्या सुरुवातीला काही सेकंद कोरी पट्टी असते, तिच्यावर काही उमटत नाही. ती पेन्सिलीने फिरवून तपकिरी फीत दिसू लागेपर्यंत पुढे घ्यावी. नाहीतर पाहुण्याचे नाव हमखास तिथेच हरवते. रेकॉर्डिंगचे बटण दाबले जात नसेल तर जोर करू नये. बहुतेकदा कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला असतो आणि आतली पट्टी त्या खाचेत जाऊन बटण अडवते. ते मुद्दाम केलेले कुलूप आहे. ए बाजू समोर धरली की तिचा तुकडा डावीकडे असतो. महत्त्वाची कॅसेट पुरी झाली की तो लगेच मोडून टाकावा. पुढे पुन्हा भरायची झाली तर खाचेवर चिकटपट्टी लावली की काम भागते. तीन आकड्यांचा काउंटर चाकाला जोडलेला असतो, त्यामुळे त्याचे आकडे आणि मिनिटे यांचा मेळ सरळ बसत नाही, तो खुणेपुरता.

काम संपल्यावर प्लेचे किंवा पॉजचे बटण दाबलेले ठेवून वीज बंद करू नये. रोलर दांडीवर दाबलेला राहतो, रबरावर खळगा पडतो, आणि नंतर प्रत्येक फेऱ्याला आवाज हेलकावतो.

निगा

फितीवरचा तपकिरी थर झिजून हेडवर बसतो. आवाज दबका होणे, उच्च स्वर नाहीसे होणे, ‘स’ आणि ‘श’ सारखेच ऐकू येणे ही त्याची लक्षणे. दहा-एक तासांच्या वापरानंतर सफाई करावी, आणि महत्त्वाच्या रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी तर करावीच. सेल काढून, झाकण उघडून प्लेचे बटण दाबले की हेड पुढे येते. काडीला गुंडाळलेला कापूस आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून, पिळून, हेडच्या चकचकीत पृष्ठभागावरून आणि कॅपस्टनवरून फिरवावा. कापूस पांढरा येईपर्यंत नव्या काड्या घ्याव्यात. घराघरांत यासाठी कोलन वॉटर वापरत. त्यातल्या सुगंधी द्रव्यांचा थर मागे राहतो, म्हणून ते टाळलेलेच बरे. दुकानात मिळणाऱ्या सफाईच्या कॅसेटी हेड घासतात. नेहमी वापरू नयेत. नेलपॉलिश काढण्याचे द्रावण तर प्लास्टिकच विरघळवते. पिंच रोलरला अल्कोहोल फार मानवत नाही, रबर कडक होते. त्याला सौम्य साबणाच्या पाण्याचा ओलसर कापूस आणि मग कोरडा कापूस पुरे. सगळे पूर्ण वाळल्याशिवाय कॅसेट घालू नये.

हेडमध्ये हळूहळू चुंबकत्व साठते आणि सरसर वाढते. ते काढणारे उपकरण विजेवर चालते. टेप बंद करावा, कॅसेटी दूर ठेवाव्यात, उपकरण हातभर अंतरावर चालू करून हेडजवळ आणावे, सावकाश मागे न्यावे आणि पुन्हा हातभर अंतरावर गेल्यावरच बंद करावे. जवळ असतानाच बंद केले तर हेड आधीपेक्षा जास्त चुंबकित होते.

हेडच्या बाजूला स्प्रिंग लावलेला एक छोटा स्क्रू असतो. त्याने हेडचा तिरकेपणा, म्हणजे अझिमथ, ठरतो. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या हेडचा कोन जुळला नाही तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. रेकॉर्डिंगच्या वेळचा असूनही सुधारता येणारा हा एक दोष. ऐकत ऐकत स्क्रू अगदी किंचित फिरवावा, उच्च स्वर जास्तीत जास्त खुलले की थांबावे. मूळ जागेची खूण मात्र आधी करून ठेवावी.

जुन्या टेपचा मोठा शत्रू म्हणजे बेल्ट. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रात तो सैल होतो किंवा विरघळून चिकट काळा लगदा होतो. बटण दाबले की मोटर फिरते पण चाके हलत नाहीत, हे त्याचे रूप. लगदा अल्कोहोलने शेवटच्या कणापर्यंत पुसावा, पितळी पुलीच्या खोबणीतूनसुद्धा, आणि मग थोडा आखूड नवा बेल्ट घालावा. तेलाची हौस आवरावी. यंत्र बहुधा तेलाविना बिघडत नाही, तेलाने बिघडते. थेंब बेल्टवर किंवा रोलरवर ओघळला की वेग गेलाच. ठेवणीत टाकताना सेल काढून ठेवावेत. सेल पाझरून पत्र्यावर निळसर-पांढरी भुकटी आली असेल आणि सेल अल्कलाइन असतील तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर कापसाला लावून ती पुसता येते. नंतर पाण्याचा ओलसर हात फिरवून कोरडे करावे.

कॅसेटी

कोकणात आणि मुंबईत कॅसेटींचा घात पावसाळा करतो. काचेतून पाहिले तर गुंडाळलेल्या फितीच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा जाळे दिसते, ती बुरशी. अशी कॅसेट चांगल्या टेपमध्ये घालूच नये, हेडमार्फत ती इतर कॅसेटींना लागते. कॅसेटी उभ्या, डबीत, कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवाव्यात. स्पीकर आणि जुन्या पद्धतीचा टीव्ही यांच्यावर ठेवू नयेत. वर्षानुवर्षे न वाजलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून मगच वाजवावी, म्हणजे चिकटलेले थर सुटे होतात.

फीत गुंतली तर ओढू नये. बटण सोडून, झाकण उघडून, रोलरभोवतीचे वेढे बोटांनी सोडवावेत आणि पेन्सिलीने फीत आत घ्यावी. तुटली असेल तर दोन्ही टोके तिरपी कापून फितीच्याच रुंदीच्या जोडपट्टीने पाठीमागून जोडावीत. घरातल्या सेलोटेपचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारच्या वेढ्याला चिकटतो. कधी फीत शाबूत असूनही आवाज येत-जात राहतो. तेव्हा कॅसेटच्या तोंडाशी असलेला छोटा फेल्टचा तुकडा गळून पडला आहे का ते पाहावे. फितीला हेडवर दाबून धरणारा तोच. कॅसेट पाच स्क्रूंची असेल तर उघडून दुसऱ्या डबीत फीत घालता येते. चिकटवलेली असेल तर पातळ सुरीने कड सोडवावी लागते.

जुन्या कॅसेटी संगणकावर घेताना हेड साफ करून प्रत्येक कॅसेटसाठी अझिमथ नव्याने जुळवावा. एका कॅसेटला जुळलेला कोन दुसरीला जुळेलच असे नाही. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शिफारशींत २४ बिट आणि किमान ४८ किलोहर्ट्‌झ असे माप आहे, ९६ असल्यास उत्तम. सरसर काढणारी सॉफ्टवेअरे मूळ प्रतीवर चालवू नयेत, नकलेवर चालवावीत. ती पंख्याबरोबर तानपुऱ्याचा झंकारही नेतात.